बैठक मोडल्यावरची साधना

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण सोडून परशुराम घाट चढला की थोड्याच वेळात लोटे येतं. औद्योगिक वसाहतीचं नाव लोटे-परशुराम. रासायनिक कारखान्यांची धुराडी आणि घाटातलं भार्गवरामाचं देऊळ एकाच नावात शेजारी शेजारी बसलेली. इथला दिवस पाळ्यांवर चालतो, कुणाचा सकाळी सुरू होतो, कुणाचा रात्री. अशा ठिकाणी ध्यान करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. सकाळी बसलो तेव्हा मन निवलं, आतून बरं वाटलं, पण कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करेपर्यंत त्यातलं काही उरलं नाही.

ही अडचण थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. परशुरामाच्या देवळाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते ब्रह्मेंद्रस्वामी (१६४९–१७४५) दर श्रावणात महिनाभर समाधी लावून बसत, असं परंपरा सांगते. उरलेल्या अकरा महिन्यांचं चित्र त्यांच्या पत्रव्यवहारात दिसतं. स्वामी सावकारी करत. खुद्द बाजीराव पेशवे त्यांच्या कर्जात होते. १७२७ साली एका हत्तीच्या प्रकरणावरून गोवळकोटच्या सिद्दी सातने परशुरामावर हल्ला केला, तेव्हा स्वामींचा संताप अनावर झाला. आंग्र्यांशी बिनसलं, आणि शेवटी ते कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला राहायला गेले. स्वामींना नावं ठेवायला हे सांगत नाही. एवढ्या अधिकाराच्या माणसाचाही ध्यानातला महिना आणि व्यवहारातलं वर्ष असे दोन वेगळे कप्पे राहू शकतात, तर आपल्या वीस मिनिटांनी दिवसभर पुरावं ही मागणी जरा जास्तच आहे.

आधी हे सुख येतं कुठून ते पाहू. डोळे मिटून स्वस्थ बसलं की श्वासाची गती उतरते आणि उच्छ्वास लांबतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. श्वास जितका संथ, तितका हा चढउतार ठळक, आणि त्यात मेंदूपासून पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा मोठा वाटा असतो. २००१ साली इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ जणांवर केलेला एक छान प्रयोग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कॅथलिकांची लॅटिन जपमाळ म्हणा नाहीतर ‘ओम मणि पद्मे हुं’ म्हणा, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची व रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळते, असं त्यांना दिसलं. देव कोणताही असो, श्वास सहावर आला.

दुसरं कारण मनाचं. २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसात अवचित मोबाइलवर विचारलं, की आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि मन भटकत असताना माणसं कमी सुखी होती. ध्यानात श्वास संथ असतो आणि मन एका जागी असतं. बैठक मोडली की दोन्ही गोष्टी एकदम सुटतात, म्हणून सुखही सुटतं. ते कुठे साठलेलं नसतंच. चालू असलेल्या क्रियेबरोबर ते येतं आणि क्रिया थांबली की ओसरतं.

आता एक साधा हिशेब. निवांत बसलेल्या माणसाचे श्वास मिनिटाला पंधरा धरले तर दिवसरात्रीचे होतात २१,६००. हा आकडा आपल्याकडे जुना आहे. अजपाजपाच्या परंपरेत तोच मोजतात. श्वास आत जाताना ‘सो’ आणि बाहेर येताना ‘हं’ असा जप आपोआप चाललेला आहे, आपण फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायचं, ही त्यातली कल्पना. त्या २१,६०० श्वासांची वाटणीही चक्रांमध्ये केलेली आहे: मूलाधाराला ६००, स्वाधिष्ठान, मणिपूर आणि अनाहत यांना प्रत्येकी ६,०००, विशुद्ध, आज्ञा आणि सहस्रार यांना प्रत्येकी १,०००. सकाळी उठल्यावर, अंथरूण सोडण्याआधी, कालच्या सूर्योदयापासून आजच्या सूर्योदयापर्यंतचे श्वास त्या त्या चक्राच्या देवतेला अर्पण करायचे असा संकल्प असतो.

मला या वाटणीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की चक्रांचा हिशेब मुळातच चोवीस तासांचा मांडलेला आहे. सकाळची बैठक त्याचा छोटासा भाग. मिनिटाला सहा श्वासांनी वीस मिनिटं बसलात तर १२० श्वास झाले. आठ तासांच्या पाळीत पंधराच्या गतीने ७,२०० होतात. सुख दिवसभर हवं असेल तर काम त्या ७,२०० वर करावं लागणार.

याच रत्नागिरी जिल्ह्यात, शहराच्या दक्षिणेला पावसला, असा दिवसभराचा अभ्यास जगलेला माणूस होऊन गेला. स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४), मूळचे रामचंद्र विष्णू गोडबोले. स्वातंत्र्याच्या चळवळीत येरवड्याचा तुरुंग पाहिलेला, पुढे मोठ्या आजारातून उठलेला हा माणूस ‘अनंत निवास’ या देसायांच्या घरात सुमारे चाळीस वर्षं राहिला. गुहा नाही, जंगल नाही. आल्यागेल्याचं, मुलाबाळांचं घर. त्यांची परंपरा नाथांची आणि साधना सोऽहमची. ‘अभंग ज्ञानेश्वरी’ त्यांनीच लिहिली. ज्ञानेश्वर स्वतः गहिनीनाथ-निवृत्तीनाथांच्या मार्गातले. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यांनी मूळबंध, जालंधर, उड्डियान हे बंध आणि कुंडलिनीचा चढ इतक्या बारकाईने सांगितला आहे की आजही योगाचे शिक्षक तिथेच बोट ठेवतात. बाराव्या अध्यायात मात्र हीच वाट किती खडतर आहे हेही त्यांनी बजावलं आहे. आपण घरच्या घरी करायचं ते त्या वाटेच्या पायथ्याचं.

चक्रं म्हणजे काय, यावरून उगाच फार वाद होतात. शरीर उघडून पाहिलं तर ती सापडत नाहीत. दयानंद सरस्वतींनी तरुणपणी गंगेत वाहत आलेलं प्रेत फाडून पाहिलं आणि वर्णन जुळेना म्हणून ती पुस्तकंच नदीत टाकली, असं त्यांनीच आत्मचरित्रात सांगितलं आहे. उलट १९२७ साली मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी कुंडलिनी म्हणजे व्हेगस मज्जातंतूच, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली, की चक्र हा अवयव असला पाहिजे. ग्रंथ पाहिले तर तसं वाटत नाही. चक्रांची संख्यासुद्धा ठरलेली नाही. गोरक्षनाथांच्या नावावरच्या सिद्धसिद्धांतपद्धतीत ती नऊ आहेत. आज सगळीकडे दिसणारी सहा अधिक एक ही यादी बंगालच्या पूर्णानंदांच्या १५७७ सालच्या षट्चक्रनिरूपणातली, आणि जगभर पोचली ती जॉन वुडरॉफ यांनी १९१९ साली केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे. त्या सहा चक्रांच्या पाकळ्या ४, ६, १०, १२, १६ आणि २, म्हणजे बेरीज पन्नास, वर्णमालेच्या अक्षरांएवढी. प्रत्येक पाकळीवर एकेक अक्षर ठेवायचं. एवढी आखीव मांडणी शरीरात सापडायची नाही. ती ध्यान करणाऱ्याच्या सोयीची आहे. आणि भिंतीवरच्या तक्त्यांतले तांबडा-नारिंगी-पिवळा असे इंद्रधनुष्याचे रंग तर विसाव्या शतकातले. पूर्णानंदांचं मणिपूर पावसाळी ढगासारखं काळसर आहे.

तेव्हा व्यवहारापुरतं एवढं धरा: चक्रं म्हणजे लक्ष अडकवायच्या खुंट्या. खुंट्या याच जागी का ठोकल्या, याला मात्र आधार आहे. भीतीने पोटात गोळा येतो, रडू आवरताना घसा दाटतो, अपमानाने छाती जळते. २०१४ साली फिनलंडच्या संशोधकांनी फिनलंड, स्वीडन आणि तैवानच्या सुमारे सातशे लोकांकडून भावनांचे शरीर-नकाशे रंगवून घेतले, तेव्हा वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांनी त्याच त्या भावनांना बहुतेक त्याच त्या जागा दिल्या. आनंदाला त्यांनी सगळं अंग रंगवलं.

आता बैठक. चटईवर चादरीची घडी घालून तिच्या कडेवर बसावं, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर येते आणि पाठ आपोआप ताठ राहते. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ खुर्ची घ्यावी, पाय जमिनीला टेकवावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. लोट्यात आणखी एक पथ्य: हवेत कसला वास असेल तर खिडकी लावून घ्यावी आणि त्या दिवशी खोल श्वासाचा भाग सोडून द्यावा. प्राणायामाने हवा शुद्ध होत नाही, ती फक्त जास्त आत जाते.

पहिली पाच मिनिटं श्वास चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर. दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. अंक सेकंदाच्या बेताने मोजावेत. धाप लागली तर तीन-चारवर यावं. ओढाताण झाली की उद्देशच हुकतो.

मग चढ. प्रत्येक जागी तीन श्वास. मूलाधार बैठकीच्या तळाशी, गुद आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या जागेत; तिथे शरीराचा भार जमिनीवर टेकलेला जाणवतो, तेवढाच पकडावा. स्वाधिष्ठान ओटीपोटात, नाभीच्या चार बोटं खाली. मणिपूर नाभीपाशी, इथे श्वासाबरोबर पोट पुढेमागे होतं, म्हणून नवख्याला ही जागा सर्वांत सोपी. अनाहत छातीच्या मध्यावर. विशुद्ध गळ्याच्या खळगीत, एकदा आवंढा गिळला की नेमकी सापडते. आज्ञा दोन भुवयांच्या मध्ये आणि सहस्रार टाळूवर. पहिले काही दिवस त्या त्या जागी बोट टेकवलं तरी चालेल, त्यात कमीपणा नाही. सहस्रारापर्यंत गेल्यावर त्याच वाटेने खाली उतरावं. जाऊन-येऊन सहा-सात मिनिटं लागतात.

हमखास गडबड होते ती भुवयांमधल्या जागी. लोक मिटलेल्या डोळ्यांनी वर रोखून बघायला लागतात आणि कपाळ दुखतं. तिथे बघायचं काही नाही. कपाळ सैल सोडावं, श्वास नाकाच्या मुळाशी गार लागतो तेवढं घ्यावं. दुसरी गडबड अनुभवांची. कुठे ऊब जाणवते, कुठे मुंग्या, कुठे ठोके. शरीराच्या कुठल्याही भागावर लक्ष ठेवलं तर असं होतंच. आत्ता डाव्या तळहातावर अर्धं मिनिट ठेवून बघा. म्हणून मुंग्या आल्या की चक्र उघडलं आणि नाही आल्या की बंद, हा हिशेब करू नये. काहीच जाणवलं नाही तरी अभ्यास झालेला असतो, कारण लक्ष तिथे गेलं होतं.

उतरल्यावर एका जागी पाच मिनिटं थांबायचं. जागा आठवड्याची एकच ठरवावी. ज्याची चिडचिड होते त्याने नाभी घ्यावी, ज्याचं मन कशातच लागत नाही त्याने छातीचा मध्य. हा ग्रंथांतला नियम नाही, माझं मत आहे. नाभीपाशी श्वासाची हालचाल ठळक असते, ती लगेच हाती लागते. छातीची जागा जरा उशिरा हाती येते, पण लोकांना तिथे मऊपणा जाणवतो. त्या जागी सोऽहम जोडला की अंक मोजायचे थांबवता येतात. ‘सो’ आत, ‘हं’ बाहेर, ओठ न हलवता.

आणि आता ज्याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही ते, म्हणजे उठणं. बहुतेक जण गजर वाजला की डोळे उघडून ताडकन उठतात, आणि दाराबाहेर पडण्याआधी मोबाइलवर तीन निरोप वाचून झालेले असतात. तिथेच सगळं संपतं. शेवटची तीन मिनिटं उठण्यासाठी राखून ठेवावीत. मन त्याच जागी असताना आधी बोटं हलवावीत, मग मान. डोळे सर्वांत शेवटी, तेही जमिनीकडे बघत, अर्धे. दोन श्वास तसेच, डोळे उघडे पण लक्ष नाभीपाशी. मग उभं राहावं आणि पहिली चार पावलं लक्ष न हलवता टाकावीत. घरात पहिलं वाक्य बोलतानाही ते तिथेच राहतं का बघावं. ते ‘चहा झाला का’ असं असलं तरी हरकत नाही. उलट तेच बरं. डोळे उघडे, तोंड चालू आणि लक्ष खुंटीवर, ही जोडी इथे पहिल्यांदा जमते, आणि दिवसभर लागणार आहे ती हीच.

पुढे पाळी. समजा माणूस पॅनेल रूममध्ये ऑपरेटर आहे. दर तासाला त्याला लॉगशीट भरायची असते. क्लिपबोर्डला दोऱ्याने बांधलेलं पेन उचलायचं, पडद्यावरचं तापमान आणि दाब बघायचा, आकडा लिहायचा. यात एकच भर घालायची: पेन उचलताना जो उच्छ्वास चालू असेल तो नाभीपाशी जाणवू द्यायचा. एकच. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, डोळे तर मिटायचेच नाहीत. नजर पडद्यावर, कान अलार्मकडे, आणि आत त्या एका जागेची ओळख. वेळ वेगळा लागत नाही, शेजारच्याला कळत नाही, आणि लक्ष खरोखर इथे असल्यामुळे आकडाही नीट लिहिला जातो. आठ तासांत आठ वेळा झालं. हेल्मेटचा पट्टा लावताना, हातमोजे काढून हात धुताना, कँटीनच्या रांगेत पुढे सरकताना जोडलं तर पंचवीस-तीस होतात. घरी कुकरची शिट्टी, भाकरी उलटण्याची वेळ, एसटीची वाट बघणं. मुद्दा एवढाच की आठवण करून देणारी क्रिया आधीपासून ठरलेली हवी. ‘दिवसभर भान ठेवीन’ असा नुसता निश्चय दुपारपर्यंतसुद्धा जात नाही.

राग किंवा भीती येते तेव्हा काम थोडं वेगळं होतं. तेव्हा ठरलेली जागा सोडून जिथे कळ उठली आहे तिथे जायचं. सुपरवायझर चारचौघांत बोलला आणि घसा आवळला, तर लक्ष गळ्याच्या खळगीत. पोटात गोळा आला, तर नाभीशी. दोन उच्छ्वास तिथे सोडायचे आणि मग उत्तर द्यायचं. उत्तर कडक द्यायचं असेल तर कडकच द्यावं. राग गिळण्याचा हा व्यायाम नाही. या दोन श्वासांमुळे आवाज आपल्या ताब्यात राहतो एवढाच फायदा, आणि तो पुष्कळ आहे.

प्रगती मोजायची तर ‘सुख किती वेळ टिकलं’ हे माप घेऊ नये, त्याने निराशाच पदरी येते. भडकल्यापासून ते ‘अरे, भडकलो’ हे लक्षात येईपर्यंत किती वेळ गेला ते बघावं. सुरुवातीला रात्री जेवताना लक्षात येतं, मग पाळी सुटताना, मग त्याच तासात. परतायची वाट जितकी पायाखालची होते, तितकं दिवसाचं एकूण सुख वाढत जातं, जरी एकसलग ते कधीच राहिलं नाही.

रात्रपाळीच्या माणसाने वेळा उलट्या कराव्यात. बसून करायचा अभ्यास पाळीवर जाण्याआधी. सकाळी घरी आल्यावर चढउतार नको, भुवयांमधली जागा तर नकोच, झोप उडते. अंघोळ करून आडवं व्हावं, हात नाभीवर ठेवावा आणि लांब उच्छ्वास सोडत झोपून जावं. झोपेच्या वेळेतून ध्यानाला वेळ काढू नये. आहार, झोप आणि काम बेताचं असल्याशिवाय योग साधत नाही, ही अट गीतेनेच सहाव्या अध्यायात घातली आहे.

पथ्यं थोडी, पण पाळायलाच हवीत अशी. रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखायचा नाही. उड्डियान, मूळबंध हे पुस्तक वाचून करायचे प्रकारच नाहीत. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून अशा क्रियांचे पोटातले दाब उपकरणांनी मोजले. त्या शरीरावर खरोखर जोर टाकतात, म्हणूनच त्या शिक्षकासमोर शिकायच्या. गाडी चालवताना, शिडीवर, रिॲक्टरपाशी हाताचं काम चालू असताना यातलं काहीही करू नये. बसायला लागल्यापासून झोप उडाली, छातीत धडधड राहिली, भास व्हायला लागले, तर ‘शक्ती जागी होतेय’ असं सांगणाऱ्याकडे न जाता अभ्यास थांबवून डॉक्टरकडे जावं. काश्मीरचे गोपी कृष्ण यांनी १९३७ साली जम्मूत आलेल्या अशाच अनुभवानंतर किती वर्षं हाल काढले, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

राहिला तो सकाळचा संकल्प, श्वास अर्पण करण्याचा. देवतांवर श्रद्धा नसेल त्यानेही तो करून पाहावा, कारण त्यात एक सोय आहे. कालचे २१,६०० श्वास देऊन टाकायचे म्हणजे त्यातले भांडताना घेतलेलेही गेले आणि भान विसरलेलेही गेले. आजची मोजणी शून्यापासून. त्याला दोन मिनिटं पुरतात, अंथरुणातच. सूर्योदयाचा नियम रात्रपाळीवाल्याला लागू धरू नये. त्याचा दिवस दुपारी दोनला उजाडतो, त्याने तेव्हा करावं.